गाडीच्या पाठीवरचं दुकान

सकाळी साडेनऊच्या सुमारास चेन्नईच्या मध्य कैलाश चौकात उभं राहिलं, की समोर नुसत्या गाड्यांच्या पाठी दिसतात. अड्यारकडून आणि गिंडीकडून आलेली वाहतूक इथून ओएमआर म्हणजे जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या आयटी कंपन्यांकडे वळते आणि गर्दीच्या वेळी मुंगीच्या पावलांनी सरकते. दुचाकीवाला हेल्मेटची काच वर करून घाम पुसतो, रिक्षातली बाई पदराने वारा घेते. डोळ्यांना दुसरं काम नसतं, म्हणून पुढच्या गाडीवर जे लिहिलेलं असतं ते वाचलं जातं. पांढऱ्या हॅचबॅकच्या डिकीवर घरगुती केकचं नाव, खाली संकेतस्थळाचा पत्ता. छोट्या टेम्पोवर पाण्याच्या कॅनचा फोन नंबर. एका जुन्या सेडानच्या दारावर व्हायोलिन आणि वीणेच्या ऑनलाइन शिकवणीची पाटी, तमिळ आणि इंग्रजी दोन्हींत.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘रस्त्यावरची अक्षरं’ हा विषय दिला, तेव्हा माझ्या मनात मोठ्या होर्डिंगांचा विचार नव्हता. दुकानभाडं परवडत नाही म्हणून संकेतस्थळ उघडलेला आणि त्याचा पत्ता स्वतःच्याच गाडीवर चिकटवून गावभर फिरणारा छोटा व्यावसायिक मला पाहायचा होता. त्यासाठी चेन्नईसारखं शहर नाही. श्रीपेरुंबुदूरजवळ ह्युंदाईचा कारखाना, ओरगडमला रेनो, एन्नोरला अशोक लेलँड. गाड्या बनवणं, सजवणं आणि मोडीत काढणं हे सगळं या एका शहराच्या परिसरात चालतं. इंटरनेटवरच्या धंद्याची परंपराही इथे जुनी आहे. भारतमॅट्रिमोनी चेन्नईची, झोहो चेन्नईची, दागिने ऑनलाइन विकणारी कॅरेटलेन 2008मध्ये सुरू झाली तीही चेन्नईतच. या मोठ्या नावांच्या सावलीत हजारो लहान नावं आहेत. त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नाही, पण दाराशी एक चारचाकी आहे.

रिक्षाने घालून दिलेला पायंडा

चेन्नईच्या पिवळ्या रिक्षांच्या पाठीवर एक ओळ वर्षानुवर्षं दिसत आली आहे: ‘प्रसवत्तिर्क्कु इलवसम’, म्हणजे बाळंतिणीला दवाखान्यात मोफत पोहोचवू. मला ही चेन्नईतली सर्वांत चांगली वाहन-जाहिरात वाटते. दोन शब्द, एक सेवा, आणि ती कोण देणार हेही स्पष्ट. रजनीकांतचा ‘बाशा’ 1995मध्ये आला तेव्हा पडद्यावरचा रिक्षावाला नायक झाला, आणि शब्द देण्याची ही रीत रस्त्यावरच्या रिक्षावाल्यानेही जपली. रिक्षाच्या पाठीवर लिहिलेलं असतं ते पाळायचं असतं, कारण खालीच नंबरप्लेट असते.

याच शहरात अण्णादुराई नावाचा रिक्षाचालक नावारूपाला आला. मूळचा तंजावर जिल्ह्यातल्या पेरावूरणीचा. म्हणजे ज्या तंजावरवर 1676पासून 1855पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं, त्याच मुलखातला. शिक्षण अर्धवट सुटलेलं. ओएमआरवर शेअर रिक्षा चालवताना त्याने गाडीत वर्तमानपत्रं आणि मासिकं ठेवली, वाय-फाय बसवलं, शिक्षकांना मोफत प्रवास दिला, सणावारी सवलती दिल्या. रिक्षाचं नाव पडलं ‘अमेझिंग ऑटो’. फेसबुकवर तिचं पान झालं, आणि लोक आधी इंटरनेटवर तिच्याबद्दल वाचून मग रस्त्यावर तिची वाट पाहू लागले. पुढे तो टेडएक्सच्या मंचावर आणि मोठ्या कंपन्यांच्या सभागृहांत ग्राहकाशी कसं वागावं यावर बोलू लागला.

त्याच्याकडून छोट्या धंद्याने घेण्यासारखं पुष्कळ आहे. रिक्षावरचं नाव पाहून माणूस इंटरनेटवर गेला, तिथून परत रिक्षाकडे आला, आणि दोन्हीकडे त्याला एकच गोष्ट सापडली. गाडीवर केकचा सुंदर फोटो आणि संकेतस्थळावर दोन वर्षांपूर्वीचे दर, असं असेल तर अख्ख्या गाडीला फिल्म गुंडाळून उपयोग नाही.

जनरल पॅटर्स रोड

अण्णा सालैपासून, जुन्या भाषेत माउंट रोडपासून, आत वळलं की जनरल पॅटर्स रोड लागतो. सीट कव्हर, मॅट, स्पीकर, दिवे, फिल्म, स्टिकर असा सगळा गाडीचा साजशृंगार इथे. पलीकडे जवळच पुदुपेट्टै, तिथे जुन्या गाड्या सुट्या होतात आणि त्यांचे भाग विकले जातात. दुकानं अरुंद, म्हणून बरंचसं काम रस्त्याच्या कडेलाच. दार उघडं टाकलेली गाडी, तिच्यात डोकं खुपसून बसलेला पोरगा, बाहेर फिल्मच्या गुंडाळ्या.

अक्षरं चिकटवण्याचं काम मी इथे बराच वेळ उभा राहून पाहिलं. आधी संगणकावर मजकूर, मग कटिंग प्लॉटर. विनाइलचा ताव पुढे-मागे सरकतो, बारीक पातं अक्षराची कड कापत जातं, पण खालचा कागद मात्र शाबूत राहतो. मग चिमटा घेऊन नको असलेला भाग उपटायचा. रोमन ‘ओ’च्या पोटातला गोल, ‘ए’मधला चिमुकला त्रिकोण सगळ्यात शेवटी निघतो. इथे घाई झाली की अक्षराची कडच उचलली जाते आणि ओळ पुन्हा कापावी लागते. वर ट्रान्सफर टेप दाबली जाते, म्हणजे सगळी अक्षरं ठरल्या अंतराने एकत्र उचलता येतात. गाडीचा पत्रा धुऊन पुसला जातो, मेणाचा किंवा पॉलिशचा अंश राहू देत नाहीत. साबणाच्या पाण्याचा फवारा, त्यावर पट्टी, आणि मधून कडांकडे स्क्वीजी ओढत पाणी आणि हवा बाहेर काढायची. जिथे पत्र्याला वळण आहे तिथे हीट गनची झळ. शेवटी टेप तिरकी, सावकाश ओढायची. अक्षर टेपबरोबर वर येतंय असं दिसलं की हात थांबतो, ते पुन्हा दाबलं जातं.

सावली नसेल तर हे काम चेन्नईच्या दुपारी करू नये, असं तिथल्या कारागिराने आपण होऊन सांगितलं. तापलेल्या पत्र्यावर गोंद क्षणात धरतो आणि चूक दुरुस्त करायला वाव राहत नाही. विनाइलही दोन जातीचं असतं. लाटून पातळ केलेलं स्वस्त, पण उन्हात आकसतं आणि वळणावरून सुटतं. ओतून बनवलेलं महाग, मऊ, वळणावर नीट बसतं आणि जास्त टिकतं. डिकीच्या सपाट भागावरच्या दोन ओळींना पहिलं चालून जातं, पूर्ण गाडी गुंडाळायची तर दुसऱ्याला पर्याय नाही. चेन्नईत समुद्राची खारी हवा, एप्रिल-मेचं ऊन आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा ईशान्य मान्सून असा तिहेरी मार असतो. त्यामुळे छापील फिल्मवर लॅमिनेशन नसेल तर लाल रंग आधी विटतो.

या दुकानांत मराठी माणसाच्या ओळखीचं एक नाव निघतं, गरवारे. आबासाहेब गरवारे यांनी उद्योगाची सुरुवात मोटारींच्या व्यवहारातून केली, प्लास्टिक नंतर आलं. आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज आणि चिकलठाण्यातून गरवारे हाय-टेक फिल्म्सच्या काचेच्या आणि रंग राखणाऱ्या फिल्म देशात-परदेशात जातात.

आयुधपूजेच्या आधी या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजतात, तशी इथे नवमीला गाडी धुऊन तिला चंदन-कुंकवाचे टिळे लावतात, केळीचे खुंट बांधतात, कोहळा फोडतात. धंद्याचं नाव गाडीवर चढवायचं तर अनेकांना हाच मुहूर्त हवा असतो.

वाचायला किती वेळ मिळतो

पाट्या बनवणाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे: अक्षराची उंची एक इंच असेल, तर ते दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. तीन इंची अक्षर तीस फुटांवरून. आता हिशेब करा. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 11 मीटर कापते. समोरूनही तेवढ्याच वेगाने गाडी येत असेल, तर तिच्यातल्या माणसाला तीन इंची ओळ वाचायला अर्धा सेकंदही मिळत नाही. म्हणून बॉनेटवरचा मजकूर जवळजवळ वाया जातो. तीच गाडी मैलापूरच्या माड वीथीत उभी असेल आणि पादचारी तिच्या शेजारून चालत जात असेल, तर त्याला सहा-सात सेकंद मिळतात. सिग्नलला मागे थांबलेल्याला पूर्ण मिनिट. खरं वाचन होतं ते गाडीच्या पाठीचं आणि उभ्या गाडीच्या डाव्या कुशीचं, कारण फुटपाथ त्या बाजूला असतो.

इतक्या वेळात तीनच गोष्टी डोक्यात शिरतात: काय विकता, नाव काय, कुठे शोधू. तरी माणसं सेवांची यादी, इन्स्टाग्राम आणि फेसबुकची चिन्हं, दोन फोन नंबर, ईमेल आणि वर घोषवाक्य एवढं सगळं एका डिकीवर कोंबतात. मला हे पाहून मनापासून वाईट वाटतं, कारण एवढे पैसे खर्चून शेवटी कुणाला काहीच वाचता येत नाही. पत्त्याआधी ‘डब्ल्यू’ तीनदा लिहिण्याचीही आता गरज उरलेली नाही. तेवढी जागा वाचली तर अक्षर मोठं करता येतं.

चेन्नईत खरी अडचण स्पेलिंगची आहे. तमिळमधला ‘ळ’च्या जवळचा एक खास उच्चार रोमनमध्ये कुणी ‘झेड-एच’ लिहितं, कुणी नुसता ‘एल’. ‘त’साठी कुणी ‘टी’, कुणी ‘टी-एच’. रस्त्यावर नाव वाचलेला माणूस संध्याकाळी ते आठवणीतून टाइप करतो, आणि आठवणीत राहतो तो उच्चार. आपल्याकडे लक्ष्मी, ज्ञानेश्वर, क्षीरसागर या नावांचं हेच होतं. यावर दोन उपाय चालतात. एक तर नाव इतकं सोपं ठेवायचं की चुकणारच नाही. नाहीतर जवळपासची दोन-तीन स्पेलिंगही नोंदवून ती मूळ पत्त्याकडे वळवायची. वर्षाला लागणारा हा खर्च पूर्ण गाडीच्या रॅपिंगपुढे काहीच नाही. देवनागरीतलं ‘.भारत’ 2014पासून मिळतं, तमिळ लिपीतलाही पर्याय आहे, पण गाडीवर ते मी क्वचितच पाहिलं.

क्यूआर कोडचं वेगळं. 1994मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तो जन्मला तोच मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. गाडी उभी असेल तेव्हा तो उपयोगी आहे, शाळेबाहेर, देवळाबाहेर, अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. चालत्या गाडीच्या पाठीवर मात्र तो लावू नये. मागच्या दुचाकीस्वाराने एका हाताने फोन काढावा अशी इच्छा करणारी जाहिरात कुणीच करू नये.

कायदा कुठे आडवा येतो

चेन्नईने बॅनरची किंमत मोजलेली आहे. 12 सप्टेंबर 2019ला पल्लिकरणैला रस्त्याच्या दुभाजकावर बेकायदा लावलेला बॅनर स्कूटरवरून जाणाऱ्या 23 वर्षांच्या संगणक अभियंता तरुणीवर कोसळला आणि मागून आलेल्या टँकरखाली ती गेली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यावर सरकारला कठोर शब्दांत फटकारलं. आपल्याकडे 13 मे 2024ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जीव गेले. एका माणसाने आपल्या गाडीवर आपलं नाव लिहावं, याच्या बाजूने मी आहे, त्याचं हे मोठं कारण आहे. ते कुणाच्या अंगावर पडत नाही.

तरी नियम आहेत आणि ते माहीत नसले तर दंड होतो. पहिला काचेचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार जायला हवा. 27 एप्रिल 2012च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काचांवर फिल्म चिकटवण्याविरुद्ध आदेश दिला. दुकानदार मागच्या काचेवर छिद्रांची छापील फिल्म सुचवतात, आतून दिसतं म्हणून समजावतात. तिच्या वाटेला जाऊ नका. पावसात आणि रात्री त्या काचेतून मागचं काय दिसतं, ते स्वतः आत बसून पाहावं.

दुसरा रंगाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि गाडीचा रंग हा त्यातलाच तपशील. दारावर नाव लिहिणं वेगळं आणि पांढरी गाडी आख्खी जांभळी करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात आरटीओची मंजुरी आणि नोंद लागते. भाड्याच्या वाहनावर दुसऱ्याची जाहिरात लावायची तर परिवहन खात्याची परवानगी हवी. नंबरप्लेटवर नंबराखेरीज काहीही नको. चेन्नई वाहतूक पोलिसांनी 2 मे 2024पासून खासगी गाड्यांवरच्या ‘प्रेस’, ‘पोलीस’ वगैरे स्टिकरविरुद्ध मोहीम काढली. तिचा रोख धंद्याच्या नावावर नव्हता, खोटा रुबाब मिरवण्यावर होता. महाराष्ट्रात 2015मध्ये ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर बंदी आली, कारण त्या ओळीने विनाकारण भोंगे वाजत होते. मागचा माणूस काय करेल, हे गाडीवर लिहिताना पाहावं लागतं.

तिसरी गोष्ट विम्याची, आणि ती कुणीच सांगत नाही. खासगी गाडीची पॉलिसी मालकाला कामानिमित्त फिरायला मुभा देते, पण भाड्याने प्रवासी नेणं किंवा नमुने सोडून धंद्याचा माल वाहणं तिच्यात बसत नाही. डिकीवर केकचं नाव आणि डिकीत पोहोचवायचे वीस केक असतील, तर अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेक्षकाला ते नाव पहिलं दिसेल. माल न्यायचाच असेल तर आधी विमा कंपनीशी लेखी बोलून घ्यावं. आणि गाडीवर नाव रंगवलं म्हणून गाडीच्या खरेदीवरचा जीएसटी परत मिळत नाही, कुणी तसं सांगितलं तरी.

कुणी लिहावं, कुणी लिहू नये

सौकारपेटेत सांगली जिल्ह्यातली मराठी माणसं पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळण्याचा व्यवसाय करतात. विटा, खानापूर, आटपाडीकडचे हे गलाई व्यावसायिक दक्षिणेत गावोगावी आहेत. जवळच तंबू चेट्टी स्ट्रीटवर काळिकांबाळचं देऊळ. शिवाजी महाराज 1677मध्ये इथे दर्शनाला आले होते, असं तिथे सांगतात. या गल्ल्यांतल्या गलाईवाल्याने गाडीवर धंद्याचं नाव लिहिणं म्हणजे चोराला निमंत्रण. त्याचा धंदा सराफांच्या शब्दावर चालतो आणि तो गाडीवर नाव लिहीत नाही, हे शहाणपणच आहे.

उलट ज्याचं गिऱ्हाईक पाच-सात किलोमीटरांत राहतं, त्याला गाडीसारखी जाहिरात नाही. वेलाचेरीत घरगुती डबे देणारी बाई रोज त्याच शाळेपाशी, त्याच भाजीवाल्यापाशी, त्याच सिग्नलला थांबते. तिचं नाव त्याच माणसांना पुन्हा पुन्हा दिसतं. काठिपाराच्या उड्डाणपुलावरून भरधाव जाणाऱ्या अनोळखी हजारांपेक्षा ही ओळखीची दोनशे माणसं तिला जास्त ऑर्डर देतील. संकेतस्थळ जगभर उघडतं, गाडी मात्र आपल्याच पंचक्रोशीत फिरते, आणि डब्याला, शिकवणीला, वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीला पंचक्रोशीच पुरते. परगावी माल पाठवणाऱ्यांनी हा पैसा दुसरीकडे घालावा.

घरून धंदा करणाऱ्या स्त्रियांनी एक काळजी घ्यावी. रात्री गाडी घराखाली उभी असते, म्हणजे घरही कळतं. गाडीवर स्वतःचा नंबर घालू नये, धंद्यासाठी वेगळा घ्यावा. नुसता संकेतस्थळाचा पत्ता असला तर आणखी चांगलं, तिथे चौकशीचा फॉर्म असतो आणि उत्तर आपल्या सोयीने देता येतं.

मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या बहुतेकांना गाडीमुळे किती गिऱ्हाइकं आली हे सांगता येत नव्हतं. ते कळायला फार काही लागत नाही. गाडीवर संकेतस्थळाचा मुख्य पत्ता न देता त्याच नावापुढे एक छोटा शब्द जोडून वेगळं पान द्यायचं आणि तो पत्ता दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही. महिनाअखेरीला त्या पानावर किती जण आले ते दिसतं. कुणीच आलं नाही तर अक्षरं लहान आहेत, नाव अवघड आहे किंवा गाडी चुकीच्या जागी उभी राहते.

‘गाडीवर आमची जाहिरात लावा आणि दरमहा कमवा’ असे निरोपही येतात. टॅक्सी आणि खासगी गाड्यांवर जाहिराती लावणाऱ्या खऱ्या कंपन्या भारतात आहेत. पण कमाईआधी तुमच्याकडूनच नोंदणी किंवा साहित्याचे पैसे मागणाऱ्याकडे वळू नका. अमेरिकेत गाडी रॅपिंगच्या नावाने इतकी फसवणूक झाली की तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नागरिकांना सावध केलं.

चालवण्याबद्दल एवढंच, की गाडीवर नाव आलं की सिग्नल मोडण्याची, दुसऱ्याच्या फाटकासमोर गाडी लावण्याची, पावसात पादचाऱ्यावर चिखल उडवण्याची सोय संपते. धंदा करणाऱ्याने हे आनंदाने स्वीकारावं. अण्णादुराईची रिक्षा लोकांच्या लक्षात राहिली ती तिच्यात बसल्यावर मिळालेल्या वागणुकीमुळे.

या दिवाळीत गाडीवर नाव घालणार असाल तर आधी ते कागदावर खऱ्या मापात काढून डिकीवर चिकटवा, तीस फूट मागे जा आणि शेजारच्या मुलाला वाचायला सांगा. मग त्याच्याच हातात फोन देऊन पत्ता टाइप करायला लावा. पान उघडलं तरच पुढे जा. आणि गाडी विकायची वेळ आली की हीट गनने तापवून अक्षरं नीट काढून घ्या, नंतर पॉलिश करा. इथल्या उन्हात आजूबाजूचा रंग फिका होतो आणि स्टिकरखालचा तसाच राहतो. अक्षरं निघाली तरी नाव काही वर्षं वाचता येतं.